शेंग कधी उघडायची?

वैशाखात कर्जत-श्रीगोंद्याच्या माळावर एखाद्या बाभळीखाली पाच मिनिटं थांबलं तरी शेळ्यांची शेंगांसाठी चाललेली ढकलाढकली बघायला मिळते. राखी, लवदार, दर दोन बियांच्या मध्ये आवळलेली ही शेंग झाडावरून पडते ती बंद, आणि शेळीच्या पोटात जाते तीही बंदच. त्याच दिवसांत बांधावरच्या गिरिपुष्पाच्या शेंगा भर दुपारी काडकन फुटतात आणि चपट्या बिया वीस-पंचवीस मीटर लांब भिरकावतात. शेजारच्या उन्हाळी भुईमुगाच्या शेंगा मात्र उजेडाचं तोंडही न बघता जमिनीखाली भरत असतात. बाभूळ, गिरिपुष्प आणि भुईमूग ही एकाच कुळातली झाडं. पाना-फुलांवरून हे नातं चटकन पटत नाही. बाभळीचं फूल म्हणजे पिवळा गोंडा, भुईमुगाचं फुलपाखरासारखं. नातं ठरतं ते फळावरून, म्हणजे शेंगेवरून.

वनस्पतिशास्त्रात या कुळाला फॅबेसी म्हणतात, मराठी परिभाषेत शिंबावंत कुल. सुमारे साडेसातशे प्रजाती आणि एकोणीस-वीस हजार जाती असलेलं हे कुळ सपुष्प वनस्पतींमध्ये आकाराने तिसरं. सूर्यफुलाचं आणि ऑर्किडचं अशी दोनच कुळं त्याच्यापेक्षा मोठी. जुन्या क्रमिक पुस्तकांत बाभूळ, बाहवा आणि वाटाणा अशी तीन वेगळी कुळं शिकवत. २०१७ साली जगभरातल्या अभ्यासकांनी मिळून या एका कुळाची सहा उपकुळं केली. त्या वाटणीत बाभूळ आणि बाहवा एका उपकुळात आले, चिंच दुसऱ्यात गेली, आपटा-कांचन तिसऱ्यात, आणि घेवडा, हरभरा, पळस, करंज ही मंडळी चौथ्यात. उरलेल्या दोन उपकुळांशी आपला फारसा संबंध येत नाही.

शेंगेची रचना समजून घ्यायला प्रयोगशाळा लागत नाही, वाटाण्याची एक ताजी शेंग पुरते. देठाकडे निदलपुंजाचे वाळके दात दिसतात, दुसऱ्या टोकाला परागवाहिनीचा उरलेला काटा. म्हणजे फुलाच्या मधोमध असलेला एकुलता एक किंजपुटच लांबून शेंग झालेला आहे. हा किंजपुट म्हणजे मुळात मधल्या शिरेवर दुमडून कडा जुळवलेलं पान. म्हणून शेंगेला दोन धारा असतात, एक जुळलेल्या कडांची आणि दुसरी मधल्या शिरेची. घेवडा निवडताना आपण दोन्ही बाजूंचे जे दोर ओढून काढतो, ते याच दोन धारांमधले रसवाहिन्यांचे जुडगे. आता शेंग हळूच उकला. सगळे दाणे एकाच धारेला लागलेले असतात, पण आळीपाळीने: पहिला डाव्या फाकीला चिकटून येतो, दुसरा उजव्या फाकीला, तिसरा पुन्हा डाव्या. दाण्याला धरून ठेवणारा बारीक देठही दिसतो. वीस हजार जातींचं फळ या एका साच्यावर बेतलेलं आहे. फरक पडतो तो एकाच गोष्टीत: शेंगेने उघडायचं की नाही, आणि उघडायचं तर कधी.

या प्रश्नाची जवळजवळ सगळी उत्तरं एका नगर जिल्ह्यात सापडतात. (आता तो अहिल्यानगर झाला आहे, पण बोलण्यात अजून नगरच येतं.) क्षेत्रफळाने हा राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. पश्चिमेला अकोले तालुक्यात कळसूबाई, हरिश्चंद्रगड, भंडारदरा आणि घाटघरचा धो धो पाऊस. पूर्वेला कर्जत-जामखेडकडे वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटरवर समाधान. घाटावरच्या बीला पाण्याची खात्री असते. माळावरच्या बीला ती नसते, आणि शेंगेचे बरेचसे खेळ त्या अनिश्चिततेतून आलेले आहेत.

आधी उघडणाऱ्या शेंगा पाहू. गिरिपुष्प किंवा कांचनाची पिकलेली शेंग फुटली की तिच्या दोन्ही फाका पिळवटून जातात, एक डावीकडे, दुसरी उजवीकडे. फाकीच्या भिंतीत तंतूंचे दोन थर असतात आणि त्यांची दिशा एकमेकांना छेद देणारी असते. असा थर वाळताना तंतूंच्या लांबीत जवळजवळ आकसत नाही, रुंदीत आकसतो. दोन थर दोन वेगळ्या दिशांना आकसू लागले की फाकीला पीळ घ्यावाच लागतो. पण शिवण अजून पक्की असते, त्यामुळे ताण साठत जातो आणि एका उन्हाच्या दुपारी शिवण सुटते. यातलं काहीही जिवंत नसतं, हे मला सर्वांत नवलाचं वाटतं. शेंग मेलेली, वाळलेली, आणि तरीही तिचं यंत्र चालू. २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात इस्रायली संशोधकांनी कांचनाच्या शेंगेचं हे गणित मांडलं. रबराचे दोन पातळ तुकडे काटकोनातल्या दिशांनी ताणून एकमेकांना चिकटवले आणि त्यांच्या पट्ट्या कापल्या, तर त्या पट्ट्याही शेंगेसारख्याच पिळतात, हे त्यांनी दाखवून दिलं. वाळलेली फाक पाण्यात टाकली तर ती पुन्हा बरीचशी सरळ होते. घरी करून बघण्यासारखा प्रयोग आहे.

न उघडणाऱ्या शेंगांमध्ये मात्र तऱ्हा पुष्कळ. पळसाची शेंग चपटी, पापडासारखी हलकी, आणि तिच्यात बी एकच, तीही अगदी टोकाला. बाकीची शेंग म्हणजे नुसतं शीड. ती अख्खीच वाऱ्यावर गिरक्या घेत जाते. पळसाच्या बीला थांबायची सवय नाही. मृगाच्या तोंडावर शेंगा गळतात आणि पाऊस पडला की बी लगेच रुजायला लागते. करंजाची शेंग जाड, लाकडासारखी, बहुधा एकबीजी, आणि पाण्यावर तरंगणारी. प्रवरा-मुळेच्या काठाने करंजाची झाडं का दिसतात याचं निम्मं उत्तर त्यात आहे. बाहव्याची शेंग हातभर लांब, काळी, गोल नळी. आत आडव्या पडद्यांनी पाडलेले कप्पे, प्रत्येक कप्प्यात काळ्या चिकट मगजात बसवलेली एकेक बी. वैद्यांच्या उपयोगाचा हा मगज कोल्हे-माकडांनाही आवडतो आणि नळी फोडायचं काम तेच करतात. कोणी आलं नाही तर शेंग वर्षभरसुद्धा झाडावर लोंबकळत राहते.

चिंचेची गोष्ट आपल्या जवळची. टरफल ठिसूळ, त्याखाली गर, गरात शिरांचं जाळं आणि सर्वांत आत चामड्यासारख्या आवरणात चिंचोका. म्हणजे शेंगेच्या भिंतीचेच तीन थर झाले, बाहेरचा कवच झाला, मधला खाऊ, आतला पेटी. उन्हाळ्यात नगरच्या बाजार समितीत चिंचेची आवक सुरू झाली की गावोगाव चिंच फोडण्याचं काम निघतं. टरफल वेगळं, शिरा वेगळ्या, चिंचोके वेगळे. जी शेंग स्वतःहून उघडत नाही ती बायांच्या हातांनी उघडली जाते आणि त्यातून मजुरी निघते. चिंचोकाही वाया जात नाही. त्याच्या पिठाची खळ कापडगिरण्यांत सुताला देतात. जुन्या चिंचेच्या बोटुकात गोल भोक पाडून बाहेर पडणारा जो भुंगा असतो, तोच पुढे साठवलेल्या भुईमुगाच्या शेंगांतही शिरला. भुईमूग दक्षिण अमेरिकेतून आलेला, भुंगा इथला. परक्या शेंगेत त्याला ओळखीचं घर सापडलं, कारण कुळ एकच.

भुईमुगाइतका विक्षिप्त कारभार मात्र या कुळात क्वचितच. फूल जमिनीवर येतं, फलन जमिनीवर होतं, आणि मग किंजपुटाखालचा देठ लांबत लांबत जमिनीकडे वळतो. शेतकरी याला आऱ्या सुटणं म्हणतात. आरीच्या टोकाला असलेला इवलासा किंजपुट मातीत शिरून अंधारात जाईपर्यंत शेंग धरतच नाही. आरी अधांतरी राहिली तर वाळून जाते. म्हणून आऱ्या सुटताना जमीन भुसभुशीत लागते, आणि म्हणूनच काही शेतकरी फुलोऱ्यानंतर वेलांवरून रिकामा ड्रम फिरवतात. आणखी एक गंमत म्हणजे वाढत्या शेंगेला लागणारं कॅल्शियम मुळांकडून पुरेसं मिळत नाही, शेंग ते आपल्या सालीतून भोवतालच्या मातीतून थेट शोषते. आऱ्यांच्या वेळी जिप्सम टाकण्याची शिफारस त्यासाठी आहे. जिप्सम कमी पडला की शेंग पोचट राहते. ही शेंगही कधी आपणहून उघडत नाही. दूर जाण्याचा मोहच तिने सोडून दिलेला आहे: आईच्या जागेवरच, आईच्या मुळांशी पुढची पिढी.

आता बाभळीकडे परत जाऊ, कारण माळावरची खरी करामत शेंगेपेक्षा बीमध्ये आहे. बाभळीची बी टणक, काळपट तपकिरी, आणि तिच्या दोन्ही चपट्या बाजूंवर घोड्याच्या नालासारखी एक रेघ असते. भिंगाची गरज नाही, बी उजेडाकडे धरून थोडी फिरवली की रेघ दिसते. सुबाभळीच्या बीवरही ती असते. या बीचं आवरण उभ्या, एकमेकींना खेटून बसलेल्या जाड भिंतींच्या पेशींचं, वरून मेणचट. त्यातून पाण्याचा थेंब आत जात नाही. पाणी नाही तर रुजणं नाही. पहिला वळीव पडला म्हणून अशी बी भुलत नाही. तिला तापणं-निवणं, घासलं जाणं, किंवा कोणाच्या तरी पोटातून जाणं लागतं.

इथे शेळ्या-मेंढ्या येतात. शेंगेचा गोडसर भाग हा त्यांचा मोबदला. काही बिया दाताखाली भरडल्या जातात, पण बऱ्याच जठरातून आवरण थोडं झिजून लेंडीत बाहेर पडतात. काही तर पोटापुढे जातच नाहीत. रात्री रवंथ करताना शेळी टणक बी तोंडातून बाहेर टाकते, ही गोष्ट स्पेनमधल्या संशोधकांनी अलीकडे नोंदवली, पण वाड्यात झोपणाऱ्या मेंढपाळांना ती नवी वाटणार नाही. लेंडीतली बाभळीची बी चांगली रुजते, म्हणून रोपवाटिकांसाठी ती वाड्यांतून गोळा करण्याची पद्धत आहे. वाडा हाताशी नसेल तर गरम पाण्यात बी बुडवून तेच काम उरकतात. पारनेर-संगमनेरकडचे धनगर मेंढ्या घेऊन दर वर्षी घाटाखाली जातात-येतात, वाटेत शेतांत मेंढ्या बसवतात. शेतकऱ्याला लेंडीखत हवं असतं, सोबत बाभूळ फुकट येते.

फुकट येणाऱ्यांत वेडी बाभूळही आहे, आणि ती मात्र डोकेदुखी. अमेरिका खंडातून एकोणिसाव्या शतकात आणलेलं हे झाड माळरानं आणि ओढे गिळत चाललं आहे. तिची शेंग पिवळी, गोड. आतली प्रत्येक बी शेंगेच्याच आतल्या थराच्या टणक डबीत बंद. म्हणजे कुलूप दुहेरी. कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरी अभयारण्यासारख्या काळविटांच्या मुलखात हे समजून घ्यायला हवं, कारण काळवीटही या शेंगा खातं आणि बी पसरवतं. तोडून टाकलेल्या झाडाचं बी मातीत शाबूत असतं, त्यामुळे कुऱ्हाडीने हा प्रश्न सुटत नाही.

ही बी किती वर्षं थांबू शकते? लंडनच्या एका वस्तुसंग्रहालयातलं उदाहरण प्रसिद्ध आहे. शिरीषाच्या भावकीतल्या एका झाडाच्या बिया १७९३ साली चीनमधून आणून वाळवलेल्या नमुन्यांत ठेवल्या होत्या. १९४० साली बॉम्बहल्ल्यात तिथे आग लागली, बंबांनी पाणी मारलं, आणि १४७ वर्षांच्या त्या बियांना मोड आले. आगीने आवरण तडकवलं, पाणी बंबाने दिलं. बीला दोन्ही एकदम मिळालं.

पाणी आत न घेणाऱ्या आवरणाचा एक उपयोग आपल्या सराफांनी केला होता. गुंज याच कुळातल्या वेलीची बी: लालभडक, नाभीपाशी, म्हणजे बी शेंगेला जोडलेली असते तिथे, काळा ठिपका. शेंग उकलल्यावरही बिया फाकींना चिकटून राहतात, पक्ष्यांना फळाचा भास व्हावा इतक्या झगझगीत. आठ गुंजांचा एक मासा, बारा माशांचा एक तोळा, म्हणजे तोळ्याच्या शहाण्णव गुंजा. पावसाळ्यात हवेतलं पाणी पिऊन फुगणारं आणि उन्हाळ्यात आकसणारं धान्य वजनाला चालत नाही. गुंजेचं वजन ऋतूबरोबर सहसा हलत नाही. तरी सगळ्या गुंजा सारख्या भरत नाहीत, निवडून घ्याव्या लागत. आणि हीच बी विषारी. आवरण शाबूत असेल तर ती बऱ्याचदा तशीच पोटातून निघून जाते, फोडून-चावून खाल्ली तर जिवावर बेतू शकतं. लहान मुलांच्या हाती ती देऊ नये.

मग आपण खातो ती कडधान्यं एका रात्रीत भिजतात ती कशी? याचं उत्तर शोधायला नगर जिल्ह्यातच राहिलं तरी चालतं. प्रवरेकाठी श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद आहे. तिथल्या कांस्यमूर्तींमुळे ते नाव बहुतेकांना माहीत असतं. उत्खननात तिथे चार हजार वर्षांपूर्वीच्या थरांत जळून कोळसा झालेले दाणेही मिळाले. त्यांत मसूर आहे, वाटाणा आहे आणि मुगा-उडदाचे दाणे आहेत. या शेवटच्या दोघांची नोंद बहुधा ‘मूग किंवा उडीद’ अशी जोडीने होते, आणि त्यामागचं कारण आपल्या विषयातलंच आहे. उडदाच्या दाण्याची नाभी कडेने उंचावलेली असते, मुगाची सपाट. जळताना साल आणि नाभी निघून गेली की ही खूण पुसते आणि उरलेल्या काळ्या फाकांवरून दोघांना वेगळं करणं अवघड होतं.

दायमाबादच्या शेतकऱ्यांनी, आणि त्यांच्या आधीच्यांनी, नकळत दोन गोष्टी केल्या. ज्या झाडांच्या शेंगा फुटत, त्यांचे दाणे शेतातच सांडत. ज्यांच्या फुटत नसत, ते दाणे घरी येत आणि पुढच्या वर्षी पेरले जात. अशा कित्येक पिढ्या गेल्या आणि शेंगेने फुटणं सोडलं. तसंच आवरणाचं. पेरलेलं लगेच उगवलं त्याची कापणी झाली, जे टणक बी मातीत पडून राहिलं ते हिशोबातून गेलं. सह्याद्रीच्या कुंपणांवर चढणाऱ्या रानतुरीची शेंग अजूनही तडकते आणि दाणा टणक असतो. शेतातल्या तुरीची शेंग मळणीची वाट बघते.

पण जुनी सवय पुरती मोडलेली नाही. मटकीला किंवा हुलग्याला मोड आणायला ठेवले की सगळे दाणे फुगतात आणि चार-दोन तसेच खडखडीत राहतात. या गणंगांवर स्वयंपाकघरात वैताग निघतो, दात दुखावतात. ते दाणे जिवंत आहेत, बिघडलेले नाहीत. एका पावसावर सगळी पुंजी लावायची नाही, काही दाणे मागे ठेवायचे, हा रानटी पूर्वजांचा हिशोब त्यांच्यात अजून शिल्लक आहे. हुलगा-मटकी ही आपल्याकडची कोरडवाहू पिकं, त्यामुळे तो हिशोब त्यांच्यात जास्त दिसावा यात नवल नाही. काचकागदावर घासून किंवा नखुरडून गणंग पुन्हा भिजत घाला, बहुतेक फुगतात.

बीचं आवरण पातळ करण्याची किंमतही आपण मोजतो. उपटी भुईमुगाच्या पुष्कळ वाणांत बीला विश्रांतीच नसते. काढणीला उशीर झाला आणि पाऊस आला, की शेंगेतल्या शेंगेत दाण्याला मोड येतात. पसऱ्या जातींत हे कमी घडतं. सोयाबीनची गत त्याहून नाजूक. तिची साल कागदासारखी, आणि आदिमूळ अगदी त्या सालीखाली. मळणी यंत्राचे फेरे जास्त असले, पोती उंचावरून आपटली, एकावर एक जास्त थप्पी लावली, की दाणा वरून धडका दिसतो आणि उगवत मात्र नाही. शिवाय या पिकाची शेंग जुनी खोड पुरती विसरलेली नाही: काढणी लांबली आणि ऊन तापलं की शेंगा तडकतात. २०२०च्या खरिपात राज्यभर सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी झाल्या, तेव्हा घरच्या बियाण्याची उगवण चाचणी पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आली. राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ पासून या भागासाठी कडधान्यांचे आणि सोयाबीनचे वाण काढत आलं आहे. शेंगा न तडकणं, दाणा टपोरा असणं, हरभऱ्याचे घाटे यंत्राने कापता येतील इतके वर लागणं, असल्या गुणांवर तिथे वर्षानुवर्षं काम चालतं. माझ्या मते दायमाबादला नकळत सुरू झालेली निवडच राहुरीत नोंदवह्या ठेवून चालू आहे.

शेंगेकडून उघडण्याचा हक्क आपण काढून घेतला आणि बीकडून थांबण्याची ताकद. तेव्हा थांबवण्याचं काम, म्हणजे बी जपून ठेवण्याचं काम, माणसावर आलं. ते काम अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी ज्या निगुतीने केलं, त्याची दखल २०१८ साली बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीने आणि २०२०च्या पद्मश्रीने घेतली. बाएफ संस्थेच्या मदतीने उभी राहिलेली त्यांची गावरान बियाण्यांची बँक सर्वांना ठाऊक आहे. मला त्यातला घेवडा-वालांचा भाग विशेष वाटतो. अकोल्याच्या परसांत या एका जातीची इतकी रूपं आहेत की शेंग रुंद की निमुळती, हिरवी, पांढुरकी की जांभळी, दाणा लाल, काळा की ठिपक्यांचा, चव गोड की कडू, हे प्रत्येक वेलीगणिक विचारावं. शेजारी अबईही असते. तिची शेंग वीतभरापेक्षा लांब, तलवारीसारखी, आणि दाणा अंगठ्याच्या पेराएवढा.

वालाचा एक दाणा हातात घ्या. एका कडेला पांढरा, उंचावलेला पट्टा दिसेल, दाण्याच्या कडेचा तिसरा हिस्सा तरी व्यापणारा. नाभीवरचा हा पट्टा पाहून वाल कुठेही ओळखता येतो. रात्रभर भिजवून दाणा दोन बोटांत हलकेच दाबला, तर पट्ट्याच्या एका टोकाशी सुईच्या अग्राएवढ्या भोकातून पाण्याचा मणी वर येतो. ते बीजरंध्र, आदिमूळ त्याच्याच रोखाने बाहेर पडतं. साल काढली की दोन जाड दलिका मोकळ्या होतात, आणि त्यांच्या सांध्यात आडवा पडलेला इवलासा अंकुर, दोन घड्या घातलेल्या पानांसकट. मक्या-ज्वारीच्या दाण्यातला साठा अंकुराबाहेर असतो. इथे तो अंकुराच्या स्वतःच्या पहिल्या दोन पानांतच भरलेला. म्हणून तर डाळ पडते: डाळ म्हणजे साल काढून सुट्या केलेल्या दलिका.

नाभीचं आणखी एक काम आहे, आणि ते साठवणीचं मर्म आहे. तिच्या मधोमध एक बारीक फट असते. १९५४ साली हाइड या संशोधकाने लुपिन आणि क्लोव्हर या कुळबंधूंच्या बियांवर दाखवून दिलं, की हवा कोरडी असली की ही फट उघडते आणि बीतला ओलावा बाहेर जातो, हवा दमट झाली की मिटते आणि बाहेरचा ओलावा आत येऊ देत नाही. एकाच दिशेने चालणारी ही झडप. आवरण टणक असलेली बी याच वाटेने वाळत जाते, आणि कोरडी बी जास्त जगते. बियाण्याचा ओलावा टक्क्याने उतरवला तर आयुष्य साधारण दुप्पट होतं, असा हॅरिंग्टन यांचा ढोबळ नियम बीजशास्त्रात अजून चालतो.

पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत या शास्त्राला सोडून नाही. शेंग वेलीवरच खडखडीत वाळवायची, ऊन दाखवायचं, राखेत घोळवायचं, मडक्यात भरून तोंड शेणामातीने लिंपायचं. राख ओलावा शोषते, आणि दाण्यांमधली पोकळी भरून काढते. कडधान्याच्या भुंग्याला दाण्यावर फिरून अंडी घालायला मोकळी जागा लागते. चवळी-मुगाच्या दाण्यावर चिकटलेले पांढरे ठिपके पाहिले असतील, ती त्याची अंडी. अळी तिथूनच आत उतरते आणि भुंगा होऊन गोल खिडकी पाडून बाहेर पडतो. राखेने त्याची वाट बंद होते, अंगावरचं मेण खरवडून तो वाळतोही. कीटकनाशकाच्या पुडीपेक्षा घरच्या वापरापुरती ही रीत मला जास्त भरवशाची वाटते; राखेतला दाणा पेरताही येतो आणि धुऊन खाताही.

परसात किंवा गच्चीवरच्या कुंडीत घेवड्याची वेल असेल, तर या वर्षी तिचं बी जरूर धरा. जोमदार वेलीवरच्या पहिल्या बहरातल्या, भरलेल्या आठ-दहा शेंगा हेरा आणि देठाला चिंधी बांधा, म्हणजे भाजीच्या नादात कोणी खुडणार नाही. शेजारी दुसऱ्या रंगाचा घेवडा असेल तर मधमाश्या थोडी सरमिसळ करतात, तेवढं अंतर ठेवा. शेंग वाजायला लागली की काढा, चार दिवस सावलीत आणि दोन दिवस कोवळ्या उन्हात वाळवा, चाळलेल्या राखेत घोळून घट्ट झाकणाच्या बरणीत भरा, वर वाणाचं नाव आणि साल लिहा. पुढच्या ज्येष्ठात पेरणीआधी त्यातले दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा. आठवड्यात सात किंवा जास्त रुजले तर बियाणं चांगलं आहे. कमी रुजले तर एका आळ्यात दोनाऐवजी चार दाणे टाका.